तुर्कस्तान पश्चिमेपासून दुरावतोय, की दर वेळी नव्याने भाव ठरवतोय?

कागदोपत्री (धागाकर्ता)

दर दोन-तीन वर्षांनी एक बातमी ठरलेली असते: तुर्कस्तानने पश्चिमेकडे पाठ फिरवली. २००३ मध्ये इराक युद्धासाठी अमेरिकेला वाट दिली नाही तेव्हा आली, २०१० मध्ये सुरक्षा परिषदेत इराणवरच्या निर्बंधांविरुद्ध मत दिलं तेव्हा आली, २०१९ मध्ये रशियन एस-४०० ही विमानविरोधी क्षेपणास्त्र प्रणाली राजधानी अंकाऱ्याजवळच्या धावपट्टीवर उतरली तेव्हा तर मृत्युलेखच लिहिले गेले. तुर्कस्तान मात्र १९५२ पासून नाटोत आहे तो आहेच.

माझ्या मते अंकाऱ्याचा हिशेब शंभर वर्षं जवळपास तोच आहे. संरक्षण आणि पैसा पश्चिमेकडून घ्यायचा, आपल्या जमिनीवर आणि पाण्यावर कुणाचा हुकूम चालू द्यायचा नाही, आणि समोरच्याला हवी असलेली वस्तू आपल्या हातात आली की ती फुकट सोडायची नाही. बदलत गेलं ते दोन ठिकाणी: निर्णय कोण घेतो, आणि हातातली वस्तू कोणती.

मूळ भीती १० ऑगस्ट १९२० च्या सेव्ह्र तहातली. त्यात बोस्फरस आणि दार्दानेल्स या सामुद्रधुन्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे, पूर्वेला आर्मेनिया, कुर्दांसाठी वेगळ्या राज्याची वाट, इझमीर ग्रीकांकडे असं वाटप होतं. तो तह अंमलात आलाच नाही. लढाई जिंकून २४ जुलै १९२३ ला लोझानचा तह मिळवला. पण तुर्की शाळेत आणि लष्करी प्रबोधिनीत सेव्ह्र शिकवला जातो तो 'हे पुन्हा होऊ शकतं' अशा सुरात. कुर्द प्रश्नावर पाश्चात्त्य राजदूताने एक वाक्य बोललं की अंकारा का भडकतं, याचं उत्तर तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धातलं वागणं नमुनेदार आहे. ऑक्टोबर १९३९ मध्ये ब्रिटन-फ्रान्सशी मदतीचा करार केला, पण सोबतच्या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये लिहून घेतलं की सोव्हिएत संघाशी युद्ध ओढवणार असेल तर आम्ही बांधील नाही. १८ जून १९४१ ला जर्मनीशी मैत्री करार. चारच दिवसांनी हिटलर रशियात घुसला. क्रोमचं खनिज आधी ब्रिटन-फ्रान्सला, मग जर्मनीला, आणि एप्रिल १९४४ मध्ये दोस्तांचा दाब वाढल्यावर जर्मनीला बंद. जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं ते २३ फेब्रुवारी १९४५ ला, कारण १ मार्चपर्यंत पुकारलं तरच संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठीच्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेचं आमंत्रण मिळणार होतं. चर्चिल १९४३ च्या जानेवारीत स्वतः अदानाला येऊन राष्ट्राध्यक्ष इनोनूंना युद्धात उतरण्याची गळ घालून गेले होते. इनोनूंनी नकार दिला नाही. विमानं, तोफा, रडार यांची यादी पुढे केली.

मग १९४५ मध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हने सामुद्रधुन्यांत तळ आणि पूर्वेचे कार्स-अर्दाहान प्रांत मागितले, आणि तटस्थतेची सोय संपली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: १९४७ ची अमेरिकेची ट्रूमन मदत, कोरियात ब्रिगेड, १८ फेब्रुवारी १९५२ ला नाटो.

सामुद्रधुन्यांचं कुणीतरी नीट लिहा. त्यावर अर्धवट फार फिरतं.

दर्यावर्दी

लिहितो. सामुद्रधुन्यांतल्या वाहतुकीचा २० जुलै १९३६ चा मॉन्ट्रो करार हे तुर्कस्तानच्या हातातलं सगळ्यात टिकाऊ हत्यार, आणि ते वापरण्याची पद्धत नव्वद वर्षांत फारशी बदललेली नाही: कलम अक्षरशः वाचायचं, आणि अर्थ लावायचा अधिकार स्वतःकडे ठेवायचा.

व्यापारी जहाजांना शांततेच्या काळात मोकळी वाट आहे. सगळी मेख युद्धनौकांत. काळ्या समुद्राकाठच्या देशाने आठ दिवस आधी कळवायचं, बाहेरच्याने पंधरा दिवस आधी कळवणं अपेक्षित. बाहेरच्या नौका एका वेळी जास्तीत जास्त नऊ, एकूण १५,००० टन. काळ्या समुद्रात बाहेरच्या सगळ्या देशांचं मिळून ३०,००० टन, ठरावीक परिस्थितीत ४५,००० पर्यंत. मुक्काम २१ दिवस. काठच्या देशांच्या पाणबुड्या फक्त तळावर परतायला किंवा दुरुस्तीसाठी, तेही दिवसा आणि पाण्यावरून.

२००८ च्या जॉर्जिया युद्धात अमेरिकेला 'कम्फर्ट' आणि 'मर्सी' ही इस्पितळ-जहाजं पाठवायची होती. प्रत्येकी ६९,००० टनांच्या आसपास. मदतीसाठी जाणाऱ्या नौदल जहाजांना अठराव्या कलमात सवलत आहे, पण ती ८,००० टनांपर्यंत. तुर्कस्तानने आकडा दाखवला आणि परवानगी नाकारली. नंतर मर्यादेत बसणारी 'मॅकफॉल' आणि तटरक्षक दलाची 'डॅलस' ही जहाजं गेली. इस्पितळ-जहाज अडवलं म्हणून वॉशिंग्टनमध्ये चडफड झाली, पण कलमात बोट घालायला जागा नव्हती.

उलट उदाहरणही बघा. विमानवाहू नौका करारात बसत नाही असं सर्वसाधारण मत. सोव्हिएत संघाने काळ्या समुद्राकाठी निकोलायेव्हला 'किएव' बांधली, तिला 'पाणबुडीविरोधी क्रूझर' असं नाव दिलं आणि जुलै १९७६ मध्ये बोस्फरसमधून बाहेर काढली. डेकवर विमानं दिसत होती. तुर्कस्तानने ते वर्गीकरण मान्य केलं, नाटोतले मित्र कुरकुरले. तेव्हा सायप्रसवरून तुर्कस्तानवर अमेरिकेची शस्त्रबंदी चालू होती हे लक्षात ठेवा.

२८ फेब्रुवारी २०२२ ला तुर्कस्तानने युक्रेनवरच्या हल्ल्याला 'युद्ध' मानून एकोणिसावं कलम लावलं. त्यामुळे लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना वाट बंद. अपवाद फक्त मूळ तळावर परतणाऱ्या नौकेचा. आणि त्याच वेळी बाकीच्यांनाही सांगितलं की तुम्हीही नौका पाठवू नका. कलमात हे दुसरं नाही. परिणाम दुहेरी झाला: 'मॉस्क्वा' ही युद्धनौका बुडाल्यावर रशियाला बाहेरून बदली नौका आणता आली नाही, आणि काठावर नसलेल्या नाटो देशांच्या नौकाही काळ्या समुद्रात शिरल्या नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनने युक्रेनला दिलेल्या दोन सुरुंगशोधक नौकाही अडवल्या, कारण त्या आता युक्रेनच्या, म्हणजे लढणाऱ्या देशाच्या. सुरुंग काढायचं काम मग तुर्कस्तान, रुमानिया आणि बल्गेरिया या तिघांनीच वाटून घेतलं. तिघेही नाटोतले, तिघेही काठावरचे. बाहेरचा नको हे सूत्र १९३६ चंच.

तिरकस

एवढं सगळं वाचलं, पण साधं उत्तर का चालत नाही? एर्दोगान इस्लामी राजकारणातून आले, म्हणून पश्चिम नको. आधीचे केमालवादी, म्हणजे अतातुर्कच्या धर्मनिरपेक्ष वाटेवरचे, पश्चिमवादी होते. संपलं.

कागदोपत्री

चालत नाही कारण तारखा उलट साक्ष देतात.

मशिदीतून पुन्हा अरबीत अजान सुरू करणारे पन्नासच्या दशकातले पंतप्रधान अदनान मेंदेरेस. कोरियात फौज त्यांनी पाठवली, नाटोत त्यांनी नेलं, आणि इझमीरजवळ अमेरिकेची १५ ज्युपिटर अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं ठेवायला होकारही त्यांचाच. नक्शबंदी सूफी वळणाचे राष्ट्राध्यक्ष तुर्गुत ओझाल १९९०-९१ मध्ये इतके अमेरिकेच्या बाजूने गेले की इराकची किर्कुक-युमुर्तालिक तेलवाहिनी बंद केली, आणि सेनाप्रमुख नेजिप तोरुमताय यांनी राजीनामा दिला.

आता दुसरी बाजू. अमेरिकेशी सगळ्यात कडवी भांडणं झाली ती पक्क्या धर्मनिरपेक्ष लोकांची. ५ जून १९६४ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पंतप्रधान इनोनूंना पत्र धाडलं. मजकूर दोन मुद्द्यांचा: सायप्रसमध्ये उतरलात आणि त्यावरून सोव्हिएत तुमच्यावर आले, तर नाटो तुमच्या मदतीला बांधील आहे की नाही याचा विचार मित्रदेशांनी केलेला नाही; आणि १९४७ च्या करारानुसार आम्ही दिलेली शस्त्रं आमच्या संमतीशिवाय वापरता येणार नाहीत. इनोनू म्हणजे लोझानला सही करणारे. त्यांनी स्वारी थांबवली, पण तिथून दारं उघडली: १९६५ मध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको अंकाऱ्यात, पुढच्या वर्षी पंतप्रधान कोसिगिन, आणि मग सोव्हिएत कर्जावर इस्केंदेरुनचा पोलाद कारखाना, सेइदीशेहिरचा ॲल्युमिनियम कारखाना, अलीआगाची रिफायनरी. हे सगळं नाटोत राहून.

१९७४ चे पंतप्रधान एजेवित तर डावे, कवी. १९७१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली घातलेली अफूच्या लागवडीची बंदी त्यांनी १ जुलै १९७४ ला उठवली, आणि तीन आठवड्यांत, २० जुलैला, सायप्रसमध्ये फौज उतरवली. ५ फेब्रुवारी १९७५ ला अमेरिकेची शस्त्रबंदी आली. जुलैत देमिरेल सरकारने अमेरिकी तळांचं कामकाज थांबवलं, इंजिर्लिकच्या हवाई तळाला फक्त नाटोपुरतं चालू दिलं. १९७८ मध्ये बंदी उठली, सायप्रसमधली फौज तिथेच राहिली.

अवांतर: अफूचं पुढे काय झालं ते मजेशीर आहे. बोंडाला चिरा देऊन चीक काढायचा नाही, सबंध वाळलेलं बोंड सरकारने विकत घ्यायचं आणि बोल्वादिनच्या कारखान्यात त्यातून मॉर्फिन काढायचं, अशी पद्धत बसवली. शेतकऱ्याचं पीक वाचलं, चोरट्या बाजारातला चीक थांबला, अमेरिकेची तक्रारही संपली.

तिरकस

बरं, मग २००३? तेव्हा तर एर्दोगान यांचाच पक्ष सत्तेवर होता.

कागदोपत्री

२००३ उलट माझ्या बाजूचं आहे. १ मार्चचा ठराव सरकारनेच मांडला होता: ६२,००० अमेरिकी सैनिकांना तुर्की भूमीवरून इराकमध्ये जाऊ द्यायचं, बदल्यात सुमारे ६ अब्ज डॉलर अनुदान. मतं पडली बाजूने २६४, विरुद्ध २५०, तटस्थ १९. बाजूची मतं जास्त असूनही ठराव पडला, कारण घटनेप्रमाणे हजर असलेल्या ५३३ च्या निम्म्याहून जास्त, म्हणजे २६७ लागत होती. तीन कमी पडली. चौथ्या इन्फन्ट्री डिव्हिजनचं सामान भरलेली जहाजं भूमध्य समुद्रात उभी होती, ती सुएझमधून कुवेतकडे वळवावी लागली.

वाचनमात्र

बऱ्याच गोष्टींशी सहमत, पण 'तोच हिशेब' म्हणताना एक खरा बदल हातातून निसटतोय. तो तुम्हीच सांगितलेल्या मतदानात आहे.

२००३ मध्ये सरकारला संसद आवरता आली नाही. लष्कराने आपल्या वजनाचा जोर लावला नाही, परराष्ट्र खात्याच्या मनात शंका होत्या, राष्ट्राध्यक्ष सेझेर आंतरराष्ट्रीय वैधता विचारत होते. म्हणजे एका निर्णयावर चार-पाच हात होते. १६ एप्रिल २०१७ च्या सार्वमतात ५१.४ टक्क्यांनी अध्यक्षीय पद्धत आली, २०१८ पासून पंतप्रधानपद गेलं, आणि हे हात एकेक करून कमी झाले. आता पाश्चात्त्य राजधान्या खात्याशी बोलत नाहीत, अध्यक्षांच्या राजवाड्याशी बोलतात.

स्वीडनच्या नाटो प्रवेशाचं प्रकरण त्यासाठी पायरी पायरीने बघण्यासारखं आहे. मे २०२२ मध्ये अर्ज. २८ जूनला माद्रिदमध्ये त्रिपक्षीय निवेदन: स्वीडन-फिनलंड शस्त्रबंदी उठवतील, कुर्द संघटनांवर कारवाई करतील. फिनलंड वेगळा काढून ४ एप्रिल २०२३ ला आत घेतला. स्वीडनने दहशतवादविरोधी कायदा कडक केला, तरी फाइल हलेना. जुलै २०२३ मध्ये व्हिल्नियसला एर्दोगान 'संसदेकडे पाठवतो' म्हणाले, पाठवली ऑक्टोबरात. परराष्ट्र समितीने २६ डिसेंबरला मंजूर केली, सभागृहाने २३ जानेवारी २०२४ ला, २८७ विरुद्ध ५५. दोन दिवसांनी अध्यक्षांची सही. मग शेवटचा टप्पा: नाटो करारानुसार संमतीपत्राचा मूळ कागद वॉशिंग्टनला अमेरिकी परराष्ट्र खात्यात जमा करावा लागतो. तो कागद हाती पडल्यावरच, २६ तारखेला, अमेरिकी सरकारने एफ-१६ च्या विक्रीची नोटीस काँग्रेसला दिली: ४० नवी विमानं, ७९ जुन्यांसाठी सुधारणा संच, किंमत २३ अब्ज डॉलरपर्यंत. दोन्ही बाजूंना एकमेकांवर भरवसा इतका, की कागद आणि नोटीस जणू एकाच टेबलावर ठेवून अदलाबदल झाली.

'संसदेचा अधिकार' हा २००३ मध्ये खरा अडथळा होता. २०२३-२४ मध्ये तो वेळ काढायचं साधन होता. हा बदल मला मोठा वाटतो.

जुना मुनीम

सगळे क्षेपणास्त्रांवर. व्यापाराकडे कुणी बघेल का? तुर्कस्तानची साधारण ४० टक्के निर्यात युरोपीय संघात जाते, दोन्हीकडचा मालव्यापार वर्षाला २०० अब्ज युरोंच्या वर आहे. ही गाठ सुटत नाही म्हणून बाकी आदळआपट परवडते.

गाठ म्हणजे युरोपीय संघाशी ३१ डिसेंबर १९९५ पासूनची कस्टम्स युनियन, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्यांना एकच जकात. पाया १२ सप्टेंबर १९६३ चा अंकारा करार. औद्योगिक माल आणि प्रक्रिया केलेली कृषी उत्पादनं त्यात येतात. कच्चा शेतमाल, सेवा, सरकारी खरेदी बाहेर. माल 'ए.टीआर' या कागदावर फिरतो. हा कागद माल कुठे बनला ते सांगत नाही, फक्त तो युनियनमध्ये मोकळा झालेला आहे एवढं सांगतो. म्हणजे चिनी माल इस्तंबूलला जकात भरून उतरला की ए.टीआरवर जर्मनीत पुन्हा जकात नाही.

आता घोटाळा कुठे होतो बघा. तुर्कस्तानला बाहेरच्या देशांसाठी युरोपचेच जकातदर लावावे लागतात, पण दर ठरवताना टेबलावर खुर्ची नाही. युरोपीय संघाने मेक्सिकोशी मुक्त व्यापार केला. मेक्सिकोचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात बिनजकात येऊ शकतो, तुर्की माल मात्र मेक्सिकोत पूर्ण जकात भरतो, कारण मेक्सिकोला तुर्कस्तानशी वेगळा करार करायची गरजच उरत नाही. अल्जीरिया, दक्षिण आफ्रिका यांच्याबाबतही तेच. युरोपीय करारांत 'तुर्कस्तानशीही बोला' असं एक कलम घालतात, पण ते बंधनकारक नाही. भारत-युरोपीय संघ करार अंमलात आला की तुर्कांसमोर हाच पेच येणार, आणि त्यात आपल्या कापड-वाहनभाग निर्यातदारांनी लक्ष घालण्यासारखं आहे.

शिवाय माल मोकळा, ट्रक मोकळा नाही. वाहतूक परवाने देशागणिक, कोट्याने. बल्गेरिया सीमेवरच्या कापिकुले नाक्यावर रांगा लागतात त्या त्यामुळेही. डिसेंबर २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने युनियन सुधारायचा प्रस्ताव आणला, जून २०१८ मध्ये सदस्य देशांनी तो बासनात गुंडाळला.

सदस्यत्वाचं सांगायचं तर ऑक्टोबर २००५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, ३५ पैकी १६ प्रकरणं उघडली, तात्पुरतं बंद झालं एकच, विज्ञान आणि संशोधन. २००६ मध्ये आठ गोठवली, कारण तुर्की बंदरं सायप्रसच्या जहाजांना उघडली नाहीत. आता कुणीच गांभीर्याने बोलत नाही, आणि 'नाही' असंही कुणी म्हणत नाही.

सह्यकडा

निर्वासित करारही याच वहीत मांडा. २०१५ मध्ये साडेआठ लाखांवर माणसं तुर्की किनाऱ्यावरून ग्रीक बेटांवर गेली. १८ मार्च २०१६ ला ठरलं: बेटांवर बेकायदा आलेला माणूस परत, परत घेतलेल्या प्रत्येक सीरियनामागे एक सीरियन युरोप सामावून घेणार, ३ अधिक ३ अब्ज युरो, आणि तुर्की नागरिकांना व्हिसामाफी. व्हिसासाठी ७२ अटी. बहुतेक पुऱ्या झाल्या, अडलं ते दहशतवादविरोधी कायद्याच्या व्याख्येवर. जुलै २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर ती व्याख्या सैल करणं अंकाऱ्यात शक्यच नव्हतं.

पैशाचं भांडणही समजून घ्या. युरोपने तो तुर्की तिजोरीत टाकला नाही; संस्था आणि प्रकल्पांमार्फत, निर्वासितांच्या हातात तांबड्या चंद्रकोरीचं कार्ड देऊन खर्च केला. त्यामुळे 'दिले' आणि 'मिळाले' हे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये सीरियातल्या इदलिबला ३० हून जास्त तुर्की सैनिक मारले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी अंकाऱ्याने ग्रीस सीमेवरची अडवणूक थांबवली. एदिर्नेजवळ पाझारकुलेला हजारो माणसं जमली. महिन्याभरात कोरोनाने तो विषय बंद केला.

भाजीमंडई

आणि आपल्या पुण्याच्या व्यापाऱ्यांनी मे २०२५ मध्ये तुर्की सफरचंदं बंद केली त्याचं काय? विमानतळावरच्या चेलेबी या तुर्की कंपनीचा परवाना गेला तेही.

कागदोपत्री

तो भारत-पाक-तुर्कस्तान विषय. वेगळा धागा काढा, तिथे येतो. इथे एकच प्रश्न भारताशी जोडलेला आहे: एस-४०० दोघांनी घेतली, शिक्षा एकालाच का?

टर्बाइन

त्याचं उत्तर राजकारणाआधी तांत्रिक आहे.

भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये ५.४३ अब्ज डॉलरला पाच रेजिमेंट घेतल्या. भारत नाटोत नाही, अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाच्या प्रकल्पात नाही, अमेरिकी हवाई संरक्षणाच्या जाळ्याशी बांधलेला नाही. रशियन शस्त्रं घेणाऱ्यांवर निर्बंध लावणाऱ्या अमेरिकेच्या कॅट्सा कायद्यात भारत बसत होता. औपचारिक सूटही दिली नाही, निर्बंधही लावले नाहीत.

तुर्कस्तान २००२ पासून एफ-३५ चा भागीदार. १०० विमानं घ्यायची होती, तुर्की कंपन्या ९०० हून जास्त भाग बनवत होत्या, त्यात धडाचा मधला भाग आणि कॉकपिटचा मोठा पडदा. भीती अशी होती की एकाच देशात एफ-३५ रोज उडणार आणि एस-४०० ची रडारं रोज तिच्याकडे बघणार. कोणत्या कोनातून, कोणत्या अंतरावर ती किती दिसते याची नोंद साठत जाणार, आणि देखभालीसाठी रशियन तंत्रज्ञ ये-जा करणार. म्हणून १२ जुलै २०१९ ला पहिला माल उतरला आणि पाच दिवसांत हकालपट्टी. पहिलं विमान जून २०१८ मध्येच टेक्सासात तुर्कांच्या ताब्यात दिलं होतं, ते अमेरिकेबाहेर आलंच नाही. १४ डिसेंबर २०२० ला कॅट्सा लावला, तोही सबंध देशावर नाही. संरक्षण उद्योग विभागावर. त्या विभागाला अमेरिकी निर्यात परवाना नाही, मोठं कर्ज नाही.

आणि अमेरिकेची पॅट्रियट प्रणाली का नाही घेतली? किंमत, कर्जाच्या अटी, आणि मुख्य म्हणजे तंत्रज्ञान हस्तांतर. २०१३ मध्ये अंकाऱ्याने चिनी प्रणाली निवडली होती, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडली. म्हणजे बाहेरच्याला दाखवून अमेरिकेकडून भाव पाडायचा खेळ आधीपासून होता. फसला तो रशियाच्या बाबतीत, कारण माल खरोखर घरी आला.

वाचनमात्र, तुमच्या यादीत हा दुसरा बदल घाला. १९६७ चा सोव्हिएत पोलाद कारखाना नाटोच्या रडारला धक्का लावत नव्हता. आता रशियाकडे अक्कुयूची ४,८०० मेगावॉटची अणुवीज, तुर्कस्ट्रीमची वायुवाहिनी, आणि एक हवाई संरक्षण प्रणाली आहे. हे गुंतणं वेगळ्या जातीचं.

वाचनमात्र

मान्य. पण शस्त्रबंदीला तुर्कस्तानचं उत्तर मात्र १९७५ चंच आहे ना? बंदी आली, असेलसान ही देशी संरक्षण-इलेक्ट्रॉनिक्स कंपनी उभी राहिली.

टर्बाइन

हो, आणि अडतंही त्याच जागी: इंजिन. ढाचा, इलेक्ट्रॉनिक्स, बॉम्ब घरी बनतात. कॅनडाने २०२० मध्ये टीबी-२ ड्रोनचे कॅमेरे थांबवले, असेलसानने स्वतःचे बसवले. कॅमेरा बदलता येतो. हेलिकॉप्टरचं इंजिन बदलणं म्हणजे गिअरबॉक्स, वजनाचा तोल, उड्डाण चाचण्या सगळं पुन्हा.

टी-१२९ अटाक हे तुर्की लढाऊ हेलिकॉप्टर बघा. पाकिस्तानने २०१८ मध्ये ३० मागवली, दीड अब्ज डॉलरला. इंजिन हनीवेल-रोल्सरॉइसचं, अमेरिकी परवान्याचं. वॉशिंग्टनने परवाना अडवून ठेवला, पाकिस्तान शेवटी दुसरीकडे गेला. तेच हेलिकॉप्टर, तेच इंजिन फिलिपिन्सला मात्र २०२२ मध्ये पोचलं. परवाना यंत्रासाठी नसतो, गिऱ्हाइकासाठी असतो. अल्ताय रणगाड्याचं जर्मन इंजिन आणि गिअरबॉक्स असाच रखडला, शेवटी कोरियन बसवलं.

'कान' हे लढाऊ विमान २१ फेब्रुवारी २०२४ ला उडालं, दोन जनरल इलेक्ट्रिक एफ-११० इंजिनांवर. सप्टेंबर २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री हाकान फिदान यांनीच जाहीर सांगितलं की या इंजिनांचे परवाने अमेरिकी काँग्रेसमध्ये अडकलेत. तुर्की वर्तमानपत्रांत त्यावर गदारोळ झाला, कारण तोवर 'संपूर्ण देशी' असं चाललं होतं. एस्किशेहिरला एफ-११० ची जुळणी कित्येक वर्षं होते, पण जुळणी येणं आणि टर्बाइनचं पातं ओतता येणं यांत फार अंतर आहे. स्वतःचं इंजिन २०३० च्या दशकाचं काम.

तिरकस

ट्रम्प-एर्दोगान दोस्ती आहे की. एक फोन आणि एफ-३५ परत.

टर्बाइन

फोनने होणार नाही. २०२० च्या संरक्षण खर्च कायद्यातलं १२४५ वं कलम सांगतं की तुर्कस्तानकडे एस-४०० आणि तिच्याशी संबंधित माणसं-सामान उरलेलं नाही, असं सरकारने काँग्रेसला लेखी कळवल्याशिवाय एफ-३५ देता येणार नाही. 'पेटीत बंद ठेवली' हे त्या भाषेत बसत नाही. 'ताब्यात' हा शब्द आहे. आणि तुर्कांनी ती तिसऱ्या देशाला द्यायची तर रशियाची संमती लागेल.

वाचनमात्र

म्हणूनच युरोफायटर टायफून हे युरोपीय लढाऊ विमान. २७ ऑक्टोबर २०२५ ला अंकाऱ्यात ब्रिटनशी २० टायफूनचा करार, ८ अब्ज पौंडांचा. जर्मनीने आपली अडवणूक जुलैत सोडली, कारण ते बनवणाऱ्या चार देशांच्या गटात एकाचाही नकार पुरतो.

दुसरीकडे युरोपचा १५० अब्ज युरोंचा 'सेफ' शस्त्रकर्ज निधी. त्यात तुर्कस्तानला भागीदार व्हायचं तर सदस्यांची एकमताने संमती लागते, आणि ग्रीस म्हणतो आधी १९९५ चा ठराव मागे घ्या. एजियनमध्ये ग्रीसने सागरी हद्द बारा मैलांवर नेली तर ते युद्धाचं कारण मानू, असा तो तुर्की संसदेचा ठराव. तो मागे घेणारा नेता कुठल्याही पक्षाचा असो, दुसऱ्या दिवशी संसदेत उभा राहू शकणार नाही.

दर्यावर्दी

टायफूनबरोबर मीटिऑर ही लांब पल्ल्याची, विमानावरून विमानावर मारा करणारी क्षेपणास्त्रं मिळणार का? त्याशिवाय ते विमान निम्मंच.

टर्बाइन

मीटिऑर सहा देशांचं: ब्रिटन, जर्मनी, इटली, स्पेन, फ्रान्स, स्वीडन. विमानाला चार संमती पुरल्या, क्षेपणास्त्राला आणखी दोन राजधान्या आल्या. अथेन्सचा सगळा जोर पॅरिसवर आहे, कारण ग्रीसच्या राफेलवर मीटिऑर आधीपासून बसलेलं आहे आणि एजियनवर ती आघाडी त्यांना सोडायची नाही. तुर्कांकडे पर्याय म्हणून स्वतःचं गोकदोआन क्षेपणास्त्र आहे, पण ते टायफूनवर बसवायचं तर विमानाच्या सॉफ्टवेअरला हात लावावा लागेल, आणि त्यासाठी पुन्हा त्या चौघांकडेच जावं लागेल.